बाकी पुढे

नागपूरला समुद्र नाही.
हे मला माहीत होतं, साहेबालाही होतं,
तरी बेचाळीसच्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर फाईल आली:
प्रांताने एक पलटण उभी करावी, किनाऱ्याच्या राखणीला.
माणसं सहाशे चाळीस. खर्च कुणाचा, ते मागाहून कळवू.

दिल्लीने विचारलं: आपल्या प्रांतास किनारा नाही,
सबब ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली मागता?
आम्ही लिहिलं: शत्रू किनाऱ्यावरच थांबेल अशी हमी नाही.
मसुदा माझा, सही साहेबाची.
त्या एका वाक्यावर मी आठवडाभर खूष होतो.

तोवर पैसा इथूनच.
संत्र्याच्या गाडीमागे दोन आणे.
गिरणीत एका पाळीचा पगार, स्वखुशीने;
स्वखुशीची यादी मुकादमाने आदल्या रात्रीच भरलेली.
इतवारीच्या तुळशीराम सोनकुसऱ्याने रोकड नाही म्हणून
मागावरचे चाळीस धोतरजोडे आणून टाकले.
पलटणीला धोतरं कशाला?
फाडून जखमांच्या पट्ट्या केल्या.
काठ तेवढे चपराशाने घरी नेले.

भरती कस्तुरचंद पार्कवर. डॉक्टर छाती मोजायचा,
मी नाव लिहायचो आणि विचारायचो, पोहता येतं?
रांगेत एक जण हसला. सोमा मारबते, धिवराचा.
"पान्यातच त जलमलो जी."
समुद्र पाहिलास?
"तुमी पायला का?"
मी पुढचं नाव लिहिलं.

भाद्रपदात त्याची माय कचेरीत आली, कार्ड घेऊन.
वाचून दाखवा म्हणाली.

माय, इथलं पानी खारं हाय. तोंड धुतलं का डोये चुरचुरते.
आपल्या तयाले चारी बाजूनं काठ असते,
याले एकच हाय.
राती दिवा लावू देत नाही, बिडी बी मुठीत.
पगार चार महिन्याचा आला नाही.
आन् मी हाय इथं…
तिथे काळी शाई, गावाच्या नावावर.

"पगार काहून नाही आला जी?"

कारण मला ठाऊक होतं.
पगारपत्रकाच्या तिसऱ्या प्रतीवर एक आद्याक्षर राहिलं होतं.
आक्षेप माझ्याच हातचा,
लाल शाईत, वळणदार.
मी म्हणालो, वरून अडलंय, बाई.
तिने मान वर केली आणि
छताकडे पाहत राहिली.

त्या संध्याकाळी जुम्मा तलावावर
मी हात आडवा धरून समोरचा काठ झाकून पाहिला,
आणि डाव्या-उजव्या बाजूंसाठी हात पुरेनात.
एक म्हैस माझ्याकडे बघत पाण्यात बसली होती.

आक्षेप दुसऱ्या दिवशी मागे घेतला.
पैसे पोचले की नाही, ते कागदावरून कळत नाही.

पलटण सेहेचाळीसला मोडली.
सोमा मारबतेबद्दल चार कागद, चार शब्द:
आजारी. रवाना. गैरहजर. अप्राप्त.
मेला, असं कुणीच लिहिलं नाही; त्याला वेगळा नमुना लागतो.
पाचव्या कागदावर मात्र पक्का आकडा:
बूट, जोड एक, परत नाही.
वसूल करावे रुपये पाच, आणे आठ. वारस आई.

ती आली. पदरात शिंगाडे, ओले, चिखल लागलेले.
"पैसे नाही जी. हे होते का जमा?"
शिंगाड्यांना शीर्ष नाही.
मी म्हणालो, घेऊन जा.
ती दाराशीच ठेवून गेली.
दोन दिवस कचेरीत तळ्याचा वास होता.

माफ करण्याचा अधिकार साहेबाला होता, मला नव्हता.
आणि साहेबाला विचारायचं, तर फाईल दिसली असती,
तीत लाल शाई.
माझ्या हाती एवढंच होतं:
दर एकतीस मार्चला नवी वही उघडायची,
पहिल्या पानावर जुनी ओळ उतरवायची,
बूट, जोड एक, पाच रुपये आठ आणे,
आणि पुढे लिहायचं, वसुली चालू.

अकरा वर्षं ओढली.
निवृत्तीच्या दिवशी नव्या पोराला किल्ल्या दिल्या.
त्याने विचारलं, ही बाकी कसली?
म्हटलं, पुढे ने.